गुहाशोधाचा मौखिक इतिहास

गुहाशोधाचा मौखिक इतिहास म्हणजे नैसर्गिक गुहांमध्ये उतरणाऱ्या, त्यांचे नकाशे तयार करणाऱ्या, तेथे अडकलेल्यांची सुटका करणाऱ्या किंवा एखाद्या गुहेच्या परिसरात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लोकांच्या आठवणी मुलाखतींच्या रूपाने ध्वनिमुद्रित करून जतन करण्याचे कार्य होय. गुहाशास्त्र आणि मौखिक इतिहास या दोन अभ्यासक्षेत्रांच्या सीमेवर हे कार्य चालते. ब्रिटन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि युरोपातील काही देशांत हे काम मुख्यतः हौशी गुहाशोधकांच्या संस्था, त्यांची ग्रंथालये आणि राष्ट्रीय उद्याने यांच्याकडून होत आले आहे.

संज्ञा

मराठीत 'गुहा' हा शब्द नैसर्गिक पोकळी आणि डोंगरात कोरलेली लेणी या दोहोंसाठी सैलपणे वापरला जातो. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही लेणी मानवनिर्मित आहेत. त्यांचा या विषयाशी संबंध नाही. येथे अभिप्रेत असलेल्या गुहा प्रामुख्याने चुनखडी किंवा जिप्सम यांसारखे खडक पाण्यात विरघळून तयार होतात. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट खडकाचा असून तो अशा रीतीने विरघळत नाही. त्यामुळे मैलोन्‌मैल पसरलेल्या गुहा राज्यात आढळत नाहीत आणि गिर्यारोहणाची मोठी परंपरा असूनही गुहाशोध येथे फारसा रुजला नाही. या छंदाला इंग्रजीतून आलेला 'केव्हिंग' हा शब्दही मराठीत वापरला जातो.

'मौखिक इतिहास' ही संज्ञा लोककथा किंवा दंतकथा यांहून वेगळी आहे. लोककथेचा कर्ता अज्ञात असतो. मौखिक इतिहासात मात्र बोलणारी व्यक्ती ज्ञात असते, ती स्वतः पाहिलेल्या किंवा केलेल्या गोष्टी सांगते, प्रश्न विचारणारा समोर असतो आणि संवादाची तारीख व स्थळ यांची नोंद होते. अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पापासून या पद्धतीचा आधुनिक काळ मोजण्याचा प्रघात आहे.

लिखित नोंदींची मर्यादा

गुहाशोधकांनी लिहून ठेवले नाही असे मुळीच नाही. फ्रेंच संशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांनी १८९५ मध्ये पॅरिस येथे गुहाशास्त्राची संस्था स्थापन केली आणि तिचे नियतकालिकही सुरू केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या गेपिंग गिल या सुमारे १०० मीटर खोल उभ्या विवरात दोरशिडीने उतरले. तेव्हापासून क्लबांची नियतकालिके, मोहिमांचे अहवाल, मोजणीच्या वह्या आणि नकाशे यांचा मोठा साठा जमा झाला आहे.

तथापि या साठ्याचे स्वरूप एकांगी आहे. अहवालात वाटेची लांबी, विवराची खोली, दोराची आवश्यकता आणि सहभागींची नावे असतात. ओल्या लोकरी कपड्यांत चौदा तास काढल्यावर बोटांची काय अवस्था होई, शनिवारी गिरणीतील पाळी संपवून डोंगरापर्यंत पोहोचायचे कसे, शिड्या कोणी आणि कुठे तयार केल्या, त्यांचा खर्च कोणी उचलला, क्लबात स्त्रियांना प्रवेश होता की नाही, दोन क्लबांत वैर का होते, हे अहवालात क्वचितच सापडते. ज्या गोष्टी त्या काळी सर्वांनाच ठाऊक होत्या त्या कोणी लिहिल्या नाहीत आणि आज नेमक्या त्याच कोणाला ठाऊक नाहीत.

साधनांतील बदलांमुळे ही उणीव अधिक जाणवते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेणबत्त्या आणि कार्बाइडचे दिवे वापरले जात. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकले की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळून उजेड देतो. महाराष्ट्रातील जत्रांमध्ये आणि फेरीवाल्यांच्या गाड्यांवर असे दिवे अनेकांनी पाहिले असतील. भिजलेल्या कार्बाइडचा वास, वाऱ्याने किंवा धबधब्याच्या तुषारांनी विझणारी ज्योत, वापरलेला चुना गुहेत टाकावा की बाहेर आणावा यावरचे वाद या गोष्टी त्या पिढीच्या बोलण्यात वारंवार येतात. लाकडी पायऱ्यांच्या अवजड दोरशिड्यांची जागा १९३० च्या दशकात फ्रान्समधील रोबेर द जोली यांनी प्रचारात आणलेल्या हलक्या धातूच्या शिड्यांनी घेतली. पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत एकाच दोरावरून यांत्रिक पकडींच्या साहाय्याने चढण्या-उतरण्याचे तंत्र आले आणि शिड्याही मागे पडल्या. शिडीच्या काळात एकाला खाली सोडण्यासाठी वर अनेकांना थंडीत उभे राहावे लागे. दोराच्या तंत्रामुळे लहान गट स्वतंत्रपणे जाऊ लागले आणि क्लबांचे सामाजिक स्वरूपच बदलले. हा बदल ज्यांनी दोन्ही बाजूंनी अनुभवला ती पिढी आता वृद्ध आहे.

ब्रिटनमधील कार्य

ब्रिटनमध्ये गुहाशोध हा आरंभापासून हौशी क्लबांचा उद्योग राहिला. यॉर्कशायर रॅम्बलर्स क्लब (१८९२), क्रेव्हन पॉटहोल क्लब (१९२९) आणि ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब (१९३३) हे त्यांपैकी जुने होत. उत्तर इंग्लंडमधील केव्ह रेस्क्यू ऑर्गनायझेशन हे स्वयंसेवी बचावपथक १९३५ मध्ये स्थापन झाले. गुहांमधील बचावकार्यासाठीच निर्माण झालेले ते जगातील पहिले पथक मानले जाते. १९३५ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश स्पीलिओलॉजिकल असोसिएशन आणि दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेला केव्ह रिसर्च ग्रुप यांच्या विलीनीकरणातून १९७३ मध्ये ब्रिटिश केव्ह रिसर्च असोसिएशन ही संस्था अस्तित्वात आली.

या संस्थेमार्फत चालवले जाणारे ब्रिटिश केव्हिंग लायब्ररी हे ग्रंथालय डर्बीशायर परगण्यातील बक्स्टन या गावाजवळ ग्लटन ब्रिज येथे आहे. पुस्तके, नियतकालिके आणि नकाशे यांबरोबरच येथे ध्वनिसंग्रह उभारण्यात आला असून त्यात ज्येष्ठ गुहाशोधकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती जतन केल्या आहेत. मुलाखत घेणारे बहुधा स्वतः गुहाशोधक असतात. याचा लाभ असा की, सांगणाऱ्याला प्रत्येक संज्ञेचा खुलासा करावा लागत नाही. हाच या पद्धतीचा दोषही आहे. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट उच्चारलीच जात नाही आणि पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला अर्धे संभाषण अपूर्ण वाटते.

ब्रिटिश मुलाखतींतून दोन विषय विशेष महत्त्वाचे ठरतात. पहिला म्हणजे पाण्याखालील गुहाशोधाचा आरंभ. १९३५ मध्ये सॉमरसेट परगण्यातील वूकी होल या गुहेत ग्रॅहम बॅलकम्ब, जॅक शेपर्ड आणि पेनेलोपी पॉवेल यांच्या गटाने पितळी शिरस्त्राण, शिशाचे जोडे आणि पृष्ठभागावरून नळीने येणारी हवा अशा जड पाणबुडी पोशाखात पाण्याने भरलेल्या वाटा ओलांडण्याचे प्रयत्न केले. ब्रिटनमधील केव्ह डायव्हिंग ग्रुप १९४६ मध्ये स्थापन झाला. या आरंभीच्या काळातील बरीचशी साधने घरी किंवा कार्यशाळेत जुळवाजुळव करून बनवलेली होती. अशा साधनांचा आराखडा कागदावर नसतो. तो ती बनवणाऱ्याच्या हातात आणि आठवणीत असतो.

दुसरा विषय अपघातांचा आहे. २२ मार्च १९५९ रोजी डर्बीशायरमधील पीक कॅव्हर्न या गुहेत नील मॉस हा ऑक्सफर्डचा २० वर्षांचा विद्यार्थी एका अरुंद उभ्या भेगेत अडकला. भेगेत त्याच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड साचत गेला. अनेकांनी शर्थ करूनही त्याला वर काढता आले नाही आणि त्याचा मृतदेह तेथेच राहू देण्यात आला. २४ जून १९६७ रोजी यॉर्कशायरमधील मॉसडेल कॅव्हर्न्स या गुहेत पावसाचे पाणी चढून सहा तरुण मरण पावले. त्यांचे मृतदेहही गुहेतच आहेत. या दोन्ही घटनांवर चौकशा झाल्या, वृत्तपत्रांनी रकाने भरले आणि पुढे पुस्तकेही आली. चौकशीत साक्षीदाराला काय घडले ते विचारले जाते. त्या रात्री परत आल्यावर घरच्यांना काय सांगितले, पुन्हा गुहेत उतरण्यास किती काळ लागला, कोणी केव्हिंग कायमचे सोडले, हे विचारण्याचे ते स्थळ नसते. दीर्घ मुलाखतीत मात्र हे प्रश्न येऊ शकतात आणि सांगणारा अनेक दशकांनंतर प्रथमच त्यांविषयी बोलत असण्याची शक्यता असते.

मॅमथ केव्ह आणि मार्गदर्शकांची परंपरा

अमेरिकेतील केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह ही जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा असून तिच्या ६८० किलोमीटरहून अधिक वाटांची मोजणी झाली आहे. एकोणिसाव्या शतकात या गुहेत पर्यटकांना फिरवण्याचे आणि नव्या वाटा शोधण्याचे काम प्रामुख्याने गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय मार्गदर्शकांनी केले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध स्टीफन बिशप यांना १८३८ मध्ये येथे आणण्यात आले. 'बॉटमलेस पिट' या खोल विवरापलीकडे त्यांनी नव्या वाटा शोधल्या. १८४२ मध्ये त्यांनी स्मरणातून काढलेला गुहेचा नकाशा १८४५ मध्ये एका पुस्तकात प्रसिद्ध झाला. १८५६ मध्ये त्यांना मुक्ती मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला.

बिशप यांच्याविषयी जे ज्ञात आहे ते बहुतांशी गोऱ्या पर्यटकांच्या प्रवासवर्णनांतून. मार्गदर्शकांची स्वतःची बाजू दोन ठिकाणी टिकली. एक म्हणजे मेणबत्तीच्या काजळीने गुहेच्या छतावर व भिंतींवर लिहिलेली त्यांची नावे, आणि दुसरी म्हणजे कुटुंबांतील तोंडी परंपरा. बिशप यांच्याबरोबर काम करणारे मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड हेही गुलामगिरीत होते. ब्रॅन्सफर्ड कुटुंबाच्या अनेक पिढ्यांनी मार्गदर्शकाचे काम केले. गुहा राष्ट्रीय उद्यान म्हणून १९४१ मध्ये स्थापन होण्याच्या सुमारास ही परंपरा खंडित झाली. जुन्या मार्गदर्शकांपैकी कृष्णवर्णीयांना नव्या व्यवस्थेत स्थान मिळाले नाही आणि उद्यानासाठी परिसरातील अनेक कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या. मॅट यांचे वंशज जेरी ब्रॅन्सफर्ड २००४ मध्ये याच गुहेत मार्गदर्शक म्हणून रुजू झाले आणि घरी ऐकलेल्या हकिकती ते पर्यटकांना व संशोधकांना सांगू लागले. काजळीतील सह्या आणि कुटुंबातील आठवणी परस्परांशी ताडून पाहता येणे हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य होय. जॉय मेडली लायन्स यांनी गुहेतील गुलामगिरीच्या इतिहासावर लिहिलेले पुस्तकही या सह्यांना केंद्रस्थानी ठेवते.

याच गुहेशी निगडित आधुनिक काळातील एक मोठी घटना म्हणजे ९ सप्टेंबर १९७२ रोजी शेजारच्या फ्लिंट रिज गुहासमूहाची मॅमथ केव्हशी सापडलेली जोडणी. केव्ह रिसर्च फाउंडेशनच्या जॉन विल्कॉक्स यांच्या नेतृत्वाखालील गटाने ती शोधली. 'टाइट स्पॉट' या अतिशय चिंचोळ्या फटीतून यापूर्वी पॅट्रिशिया क्राउदर यांनी वाट काढली होती आणि त्यामुळेच ही जोडणी शक्य झाली. सहभागींपैकी अनेकांनी पुढे आपापल्या आठवणी सांगितल्या व लिहिल्या. एकाच वाटेचे अनेक साक्षीदारांचे कथन उपलब्ध असणे ही गुहाशोधाच्या इतिहासात विरळ गोष्ट आहे, कारण बहुतेक शोधांच्या वेळी दोन-तीनच जण उपस्थित असतात.

प्रीस्ट्स ग्रोटो : वस्तूंपासून साक्षीदारांपर्यंत

युक्रेनच्या पश्चिम भागात तेर्नोपिल प्रांतात जिप्सम खडकातील प्रचंड मोठ्या गुहा आहेत. न्यूयॉर्कचे गुहाशोधक क्रिस निकोला १९९३ मध्ये, सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर लवकरच, तेथे गेले. प्रीस्ट्स ग्रोटो (स्थानिक नाव पोपोवा यामा, अर्थात पाद्र्याचा खड्डा) या गुहेत त्यांना जुने जोडे, बटणे, जाते आणि रचलेल्या भिंतींचे अवशेष दिसले. युद्धाच्या काळात काही ज्यू येथे लपले असावेत, एवढेच आसपासच्या लोकांकडून समजले. ते कोण होते आणि त्यांचे पुढे काय झाले याविषयी ठोस माहिती कोणाकडे नव्हती.

निकोला यांनी शोध चालू ठेवला. सुमारे दहा वर्षांनंतर वाचलेल्यांपैकी एकाच्या नातलगाने त्यांच्याशी संपर्क साधला आणि हे लोक अमेरिका व कॅनडात हयात असल्याचे कळले. त्यांतील काही तर निकोला यांच्याच शहरात राहत होते. त्यानंतर झालेल्या मुलाखतींतून पुढील वृत्तान्त स्पष्ट झाला. कोरोलिव्का गावच्या स्टेर्मर कुटुंबासह अनेक ज्यू १९४२ च्या शरदात नाझींपासून बचावासाठी व्हर्तेबा या गुहेत लपले. तेथे छापा पडल्यावर काही जण पकडले गेले. उरलेले ५ मे १९४३ रोजी एका पाद्र्याच्या शेतातील खड्ड्यातून प्रीस्ट्स ग्रोटोत उतरले. १२ एप्रिल १९४४ रोजी ३८ जण तेथून जिवंत बाहेर पडले. त्यांच्यात लहान मुले होती आणि सत्तरी उलटलेली आजीही होती.

सुमारे ११ महिन्यांच्या या भूमिगत वास्तव्यात पाणी गुहेतीलच एका तळ्याचे होते. पुरुष रात्री बाहेर पडून धान्य व सरपण आणत आणि आत जात्यावर दळण होई. इंधन वाचवण्यासाठी दिवे दिवसातून अगदी थोडा वेळ लावले जात. उरलेला बहुतेक काळ सर्व जण अंधारात झोपून काढीत. एकदा बाहेरच्या लोकांनी तोंड बुजवले, तेव्हा आतल्यांनी खणून दुसरी वाट काढली. जर्मन सैन्य मागे हटल्याची बातमी एका परिचित शेतकऱ्याने बाटलीत चिठ्ठी घालून ती खाली टाकल्याने समजली. बाहेर आल्यावर एका लहान मुलीला सूर्यप्रकाशाची ओळखही उरली नव्हती.

ही हकिकत पूर्णतः अज्ञात होती असे म्हणता येणार नाही. कुटुंबातील माता एस्थर स्टेर्मर यांनी आठवणी लिहिल्या होत्या, परंतु त्या मर्यादित वर्तुळात राहिल्या होत्या. निकोला यांच्या कामाचे वेगळेपण असे की, गुहेची जाण असलेली व्यक्ती प्रश्न विचारत होती. भिंत कशासाठी रचली, धूर कोणत्या फटीतून बाहेर जाई, अंधारात वाट कशी ओळखली जाई, हे प्रश्न सामान्य मुलाखतकाराला सुचणे कठीण होते. आणि उत्तरांची पडताळणी प्रत्यक्ष गुहेत जाऊन करता येत होती. निकोला व पीटर लेन टेलर यांचे या विषयावरील पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जॅनेट टोबायस दिग्दर्शित 'नो प्लेस ऑन अर्थ' हा माहितीपट २०१२ मध्ये आला. त्यासाठी वाचलेल्यांपैकी काही जण वार्धक्यात पुन्हा त्या गुहेत उतरले.

मुलाखतीची पद्धत

मुलाखतीपूर्वी संबंधित क्लबांची नियतकालिके, मोहिमांचे अहवाल आणि गुहेचे नकाशे वाचून टिपणे काढली जातात. प्रत्यक्ष मुलाखतीच्या आरंभी दिनांक, स्थळ आणि उपस्थितांची नावे मोठ्याने उच्चारून नोंदवली जातात, कारण फायलीचे नाव किंवा डब्यावरील चिठ्ठी हरवली तरी ही माहिती आवाजाबरोबरच राहते. प्रश्न शक्यतो मोकळे ठेवतात. "तुम्हाला भीती वाटली का?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते, "पाणी चढू लागल्यावर तुम्ही काय केले?" याचे उत्तर संपत नाही.

गुहेचा नकाशा टेबलावर पसरून ठेवणे ही या क्षेत्रातील खास युक्ती आहे. वाटेवरून बोट फिरू लागले की आठवणी क्रमाने येऊ लागतात. पण त्यातूनच एक अडचण उद्भवते. "इथून आत गेलो, आणि वाट एवढीच होती" असे म्हणत सांगणारा हाताने रुंदी दाखवतो. ध्वनिमुद्रणात मात्र 'इथून' आणि 'एवढी' हे शब्दच उरतात. म्हणून मुलाखतकाराने "म्हणजे दुसऱ्या विवराच्या तळाशी, साधारण एक वीतभर" असे म्हणून ती जागा व ते माप शब्दांत आणावे लागते. गुहांतील दालनांची आणि गुहाशोधकांचीही टोपणनावे असतात. त्यांचे मूळ विचारून घेतले नाही तर ती पुढे निरर्थक ठरतात.

जुन्या सहकाऱ्यांची एकत्र मुलाखत घेतल्यास एकाची आठवण दुसऱ्याला चाळवते, चुका जागीच दुरुस्त होतात आणि थट्टामस्करीतून क्लबातील वातावरण उमटते. परंतु आवाज एकमेकांवर चढतात, शब्दांकन अवघड होते आणि गटात जो मोठ्याने बोलतो त्याचेच कथन प्रमाण ठरते. त्यामुळे आधी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत घेऊन नंतर गटाशी बोलणे हितावह मानतात. प्रत्यक्ष गुहेत केलेले ध्वनिमुद्रण वातावरणनिर्मितीसाठी परिणामकारक असले, तरी ठिबकणारे पाणी, प्रतिध्वनी आणि यंत्रांना मारक दमटपणा यांमुळे दीर्घ मुलाखतीसाठी ते गैरसोयीचे ठरते. शांत खोली आणि सांगणाऱ्याची रोजची खुर्ची हीच त्यासाठी उत्तम जागा.

स्मृतीची विश्वासार्हता

इटालियन अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या औद्योगिक शहरातील लुइजी त्रास्तुल्ली या कामगाराच्या मृत्यूविषयीच्या आठवणींचा अभ्यास केला. त्रास्तुल्ली १९४९ मध्ये एका निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला, पण अनेक कामगारांनी ती घटना १९५३ मधील मोठ्या कामगारकपातीच्या वेळी घडल्याचे सांगितले. ही चूक टाकून देण्याजोगी नसून कामगारांच्या लेखी कोणती घटना निर्णायक होती हे तिच्यातून कळते, असे पोर्तेल्ली यांनी दाखवून दिले. मौखिक इतिहासाच्या पद्धतिशास्त्रात हे विवेचन पायाभूत मानले जाते.

गुहांच्या बाबतीत याचे सर्वज्ञात उदाहरण फ्रान्समधील लास्को गुहेचे आहे. प्रागैतिहासिक चित्रांची ही गुहा १२ सप्टेंबर १९४० रोजी मार्सेल राविदा, जाक मार्साल, जॉर्ज आन्येल आणि सिमों कोअँकास या मुलांनी शोधली. राविदाचा कुत्रा खड्ड्यात पडला आणि त्याला काढताना गुहा सापडली, ही गोष्ट जगभर रूढ झाली. प्रत्यक्षात राविदाला ते तोंड चार दिवस आधी, ८ सप्टेंबरला, दुसऱ्याच मित्रांबरोबर असताना आढळले होते आणि १२ तारखेला तो तयारीनिशी परत आला होता. चौघांनी पुढील आयुष्यात असंख्य मुलाखती दिल्या. चौघांतील शेवटचे कोअँकास २०२० मध्ये निवर्तले. पुनःपुन्हा सांगितलेली गोष्ट हळूहळू घोटीव होत जाते. म्हणून अनुभवी मुलाखतकार प्रसिद्ध प्रसंगाऐवजी त्याच्या आदल्या दिवसाविषयी विचारतो.

खोली, अंतर आणि वेळ यांचे अंदाज स्मरणात फुगतात, हे गुहाशोधकांना चांगलेच ठाऊक आहे आणि त्यावर त्यांच्यात विनोदही चालतात. सुदैवाने या क्षेत्रात पडताळणीचे एक असाधारण साधन उपलब्ध आहे. नदी पात्र बदलते, जुनी गिरणी पाडली जाते. पण पन्नास वर्षांपूर्वी कोणी सरपटत गेलेली गुहेतील फट बहुधा तशीच असते. तेथे जाऊन मोजता येते.

संमती आणि गोपनीयता

ध्वनिमुद्रणाचा वापर कोणी, कोठे व कशासाठी करावा याविषयी सांगणाऱ्याची लेखी संमती घेतली जाते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बोललेल्या शब्दांची नोंद होताच त्यांवर बोलणाऱ्याचा हक्क निर्माण होतो, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क वेगळा असतो. त्यामुळे संमतिपत्रात दोहोंचा उल्लेख आवश्यक ठरतो. काही भाग ठरावीक वर्षांसाठी किंवा सांगणाऱ्याच्या हयातीत बंद ठेवण्याची मुभाही देतात.

गुहाशोधात गोपनीयतेची काही विशेष कारणे आहेत. अपघातातील चुकांविषयी बोलताना हयात व्यक्तींची किंवा मृतांच्या कुटुंबीयांची नावे येतात. जमीनमालकाच्या परवानगीविना गुहेत शिरल्याची, तोंड मोठे करण्यासाठी सुरुंग लावल्याची कबुलीही ओघात दिली जाते. तिसरे कारण खुद्द गुहेचे आहे. एखाद्या नाजूक गुहेचा नेमका ठावठिकाणा जाहीर झाला तर लवणस्तंभ तोडले जाण्याचा, वटवाघळांना उपद्रव होण्याचा धोका असतो. अमेरिकेतील १९८८ च्या संघराज्य कायद्याने सरकारी जमिनीवरील महत्त्वाच्या गुहांच्या स्थानांची माहिती गोपनीय ठेवण्याची तरतूद केली आहे. अशा वेळी मूळ ध्वनिमुद्रण अखंड ठेवून जनतेसाठी संपादित प्रत उपलब्ध करणे हा सर्वमान्य मार्ग आहे. मूळ फीत कापणे हे मात्र अक्षम्य समजले जाते.

ध्वनिमुद्रणांचे जतन

जुन्या मुलाखती चुंबकीय फितींवर आहेत. काही फितींमधील चुंबकीय थर धरून ठेवणारे बंधक द्रव्य दमट हवेत ओलावा शोषून चिकट होते आणि फीत वाजवताना थर निघून येतो. शिवाय फिती वाजवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दुर्मीळ होत असल्याने त्यांचे अंकीय रूपांतर तातडीचे ठरते. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे रूपांतर किमान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट या दर्जाचे, शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झचे आणि असंक्षेपित स्वरूपात असावे. एमपी३ सारख्या संक्षेपित प्रती ऐकण्यासाठी पुरेशा असतात, जतनासाठी नव्हेत. प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवून ठरावीक काळाने तपासाव्या लागतात.

दोन तासांची मुलाखत कोणी सहसा सलग ऐकत नाही. म्हणून शब्दांकन किंवा निदान मिनिटवार विषयसूची तयार करणे हा या कामातील सर्वांत कष्टाचा व सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. केंटकी विद्यापीठाच्या लुई बी. नन मौखिक इतिहास केंद्राने विकसित केलेल्या 'ओएचएमएस' या प्रणालीत सूचीतील विषयावर टिचकी मारताच ध्वनिमुद्रणातील नेमक्या जागी जाता येते.

भारतातील स्थिती

भारतातील सर्वाधिक गुहा मेघालयात आहेत. १९९० मध्ये स्थापन झालेली मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशन आणि परदेशी गुहाशोधक यांच्या १९९२ पासून चालू असलेल्या मोहिमांतून तेथे ४०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या वाटांची नोंद झाली आहे. वालुकाश्मातील क्रेम पुरी या गुहेची सुमारे २४.५ किलोमीटर लांबी २०१८ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी चेरापुंजीजवळच्या मॉमलुह गुहेतील लवणस्तंभाच्या आधारे भूशास्त्रीय कालगणनेतील सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीपासूनच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव देण्यात आले.

मोहिमांच्या अहवालांत गुहांचा 'शोध' लागल्याचे म्हटले जाते, परंतु बहुतेक गुहांची तोंडे तेथील खासी, जैंतिया आणि गारो ग्रामस्थांना पूर्वीपासून ठाऊक होती आणि गुहाशोधकांना ती त्यांनीच दाखवली. खासी भाषेत 'क्रेम' म्हणजे गुहा. रुसून गुहेत लपलेल्या सूर्याला कोंबड्याने मनधरणी करून बाहेर आणले, अशी खासी समाजात कथा आहे. खासी भाषेला रोमन लिपी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिळाली. त्यापूर्वीचे सर्व ज्ञान तोंडीच होते. कोणत्या गुहेत पावसाळ्यात पाणी कोठवर चढते, कोणत्या तोंडातून वारा येतो, कोणती जागा निषिद्ध आहे, हे आजही शिकारी, मासेमार व गुराखी यांच्याकडूनच कळते. चुनखडी आणि कोळशाच्या खाणींमुळे काही गुहाप्रदेशांचे स्वरूप पालटत आहे. गुहा नष्ट झाल्यास तिचा मोजणीचा नकाशा उरतो. तिच्या नावाची आणि वापराची माहिती नकाशावर नसते.